गच्चीवरचे वेफर्स आणि आजीचा उपवास

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. शिवाजी पेठेतल्या आपल्या गच्चीवर आजीने यंदाही बटाट्याच्या वेफर्सचा घाट घातला आहे आणि तू तिच्या हाताखाली आहेस, हे वाचून फार आनंद झाला. तू विचारले आहेस की, कच्च्या चकत्या सरळ तळल्या तरी कुरकुरीत होतातच, मग आजी त्या आधी उकळून उन्हात का वाळवते. आणि उपवासाला बटाटा चालतो, तर दुकानातल्या पाकिटातले वेफर्स तिला का चालत नाहीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे आणि दुसऱ्याचे त्यातूनच निघते.

आपल्याकडे उपवासांची खरी रांग पावसाळ्यात लागते. आषाढी एकादशी, श्रावणातले सोमवार आणि पुढे अंबाबाईचे नवरात्र, ज्यात आपल्या घरातल्या बायका नऊ दिवस उपवास धरतात. त्या दिवसांत कोल्हापुरात ऊन मिळत नाही, हवा दमट असते आणि साठवलेल्या बटाट्याला कोंब फुटू लागतात. त्यामुळे नवा बटाटा बाजारात असतो आणि चैत्राचे ऊन कडक असते तेव्हाच ही तरतूद करून ठेवावी लागते. ताजे तळलेले वेफर्स चार-आठ दिवसांत मऊ पडतात आणि त्यांच्या तेलाला वास येऊ लागतो; वाळवलेल्या चकत्या मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षभर टिकतात आणि लागतील तेवढ्याच मूठभर काढून तळता येतात. आजी घाई करते तीही वळवाच्या धास्तीने, कारण वैशाखात दुपारी आभाळ भरून आले की अर्धवट वाळलेल्या चकत्या एका सरीत वाया जातात.

आता बटाट्याकडे वळू. लक्ष्मीपुरीच्या बाजारात आजी एकेक बटाटा हातात घेऊन पाहते, तेव्हा कंटाळू नकोस. मोठा, टणक, कोंब नसलेला आणि कुठेही हिरवा न पडलेला बटाटा तिला हवा असतो. बटाटा फार थंड जागी, साधारण ६ अंश सेल्सिअसच्या खाली बरेच दिवस राहिला, तर त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि असा बटाटा तळताना आतून शिजण्याआधीच तांबूस, कडवट होतो. म्हणून बटाटे फ्रिजमध्ये कधीही ठेवायचे नाहीत.

चकत्या किसणीवरून थेट पाण्यात पाडायच्या, कारण हवा लागली की कापलेला बटाटा काळा पडतो. मग पाणी नितळ दिसेपर्यंत त्या धुवायच्या. पातेल्याच्या तळाशी जो पांढरा साका बसतो ते कापताना सुटलेले पिष्ट असते. ते राहिले तर चकत्या एकमेकींना चिकटतात आणि रंगही एकसारखा येत नाही. शेवटच्या पाण्यात आजी तुरटी एक-दोनदाच फिरवते, ते अगदी योग्य आहे. तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करते, त्यामुळे उकळताना चकत्या फाटत नाहीत.

उकळणे हा या सगळ्या कामाचा गाभा आहे, आणि तिथे आजीची नजर मला आजही साधलेली नाही. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात चकत्या सोडल्या की थोड्याच वेळात त्या कडेने पारदर्शक दिसू लागतात. नख सहज रुतले पाहिजे, पण चकती उचलल्यावर मोडता कामा नये. त्या क्षणी लगेच उपसायच्या. या उष्णतेने बटाटा काळा करणारी विकरे (एन्झाइम) निकामी होतात आणि पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात. असे शिजलेले पिष्ट वाळले की काचेसारखे कडक होते, आणि त्यात उरलेला ओलावा कडकडीत तेलात एकदम वाफ होऊन चकतीला फुलवतो. न शिजवता वाळवलेली चकती अशी फुलत नाही, ती दातांना दगडासारखी लागते. सरळ तळण्याऐवजी एवढा खटाटोप का, याचे उत्तर इथे आहे.

वाळवताना धुतलेल्या सुती साडीवर एकेक चकती सुटी पसरायची आणि दुपारनंतर उलटायची. मोडल्यावर टक्कन आवाज आला की वाळवण झाले असे समजावे. नुसती वाकत असेल तर अजून एक ऊन द्यावे, नाहीतर डब्यात बुरशी येते. तळताना तेल चांगले तापलेले, म्हणजे १८० अंशांच्या आसपास असावे. चकती टाकताच ती वर येऊन फुलते आणि लगेच काढावी लागते. रंग येण्याची वाट पाहू नये.

तुला आत्ताच खायला हवे असतील, तर ताजे वेफर्सही कर, पण त्यांची रीत वेगळी आहे. ताज्या बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असते आणि ते सगळे कढईत बाहेर काढायचे असते. पातळ चकत्या धुऊन, कापडावर पूर्ण कोरड्या करून, थोड्या थोड्या तळ. एकदम जास्त टाकल्या तर तेल निवते आणि त्या तेलकट, लिबलिबीत होतात. तेलात येणारे बुडबुडे म्हणजे निघून जाणारे पाणी. ते थांबत आले की चकती झाली. सोनेरी रंगावरच थांबायचे. पिष्टयुक्त पदार्थ फार तांबूस तळले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचा नको असलेला पदार्थ वाढतो, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. दुकानातले आचारी तळतानाच कढईत मिठाचे पाणी शिंपडतात. ते तू कधीही करू नकोस, तेल अंगावर उडते. चकत्या काढल्यावर त्या गरम असतानाच मीठ भुरभुराव. इथे इंग्लंडात, लीड्समध्ये, उन्हाचा भरवसा नसल्यामुळे मी अशाच ताज्या चकत्या करते, आणि त्यासाठी मॅरिस पायपर नावाचा पिठूळ बटाटा घेते.

आता उपवासाचे. आपल्या घरी उपवासाला धान्य वर्ज्य, कंद चालतात. बटाटा दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आला, तरी तो रताळ्याच्या शेजारी जाऊन बसला आणि उपवासाचा झाला. पाकिटावरची घटकांची यादी वाच. मसालेदार वेफर्समध्ये बहुधा कांदा आणि लसूण यांची पूड असते, आणि ती आजीला चालणार नाही. साध्या खारवलेल्या वेफर्समध्ये बटाटा, तेल आणि मीठ एवढेच असते, म्हणून पुष्कळ घरी ते चालवून घेतात, आणि त्यात काही चूक आहे असे मला वाटत नाही. पण त्याच तेलात आधी काय तळले होते, हे पाकीट सांगत नाही. आजीची उपवासाची कढई वेगळी आहे, शेंगतेल वेगळ्या बरणीत आहे, आणि वरून घालायची ती नुसती मिरचीची पूड. आपली कांदा-लसूण चटणी त्या दिवशी फडताळातून निघतही नाही. चकती बाजारातून आणल्यापासून ताटात येईपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर असते, आणि तिच्या लेखी उपवासाचे अन्न म्हणजे हेच.

वाळलेल्या चकत्या डब्यात भरण्याआधी त्या पूर्ण निवल्या आहेत ना, ते पाहा. उन्हातून उचलून गरमच भरल्या तर झाकणाला आतून ओल धरते. आषाढीला आजी तळायला बसेल तेव्हा तिच्याजवळ थांब आणि तेल तापले हे ती कशावरून ओळखते, ते मला कळव.

तुझी,
आई