आफ्रिकेसाठी पहिली बाइक: एकट्याला उचलता येईल तीच

भाऊ, तुमचा प्रश्न असा: लडाख झालं, आता कैरो ते केपटाऊन करायचंय. सोबत कोणी नाही, उंची पाच फूट पाच इंच, बाइकसाठी सहा लाख बाजूला काढलेत आणि मन अडकलंय हजार सीसीच्या जुन्या अ‍ॅडव्हेंचर बाइकमध्ये. माझं उत्तर आधीच सांगतो: ती घेऊ नका. का, ते खाली लिहितो.

पहिल्यांदा रस्त्याचं पाहू. कैरोहून खाली यायचं तर मध्ये सुदान लागतो आणि तिथे एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटलं. त्या वाटेच्या भरवशावर बाइक निवडू नका. न्हावा-शेवा बंदरातून बाइक क्रेटमध्ये भरून केनियातल्या मोंबासाला पाठवा आणि केनिया, टांझानिया, झांबिया, बोट्स्वाना, नामिबिया करत केपटाऊन गाठा. सरळ गेलात तरी सहा हजार किलोमीटरच्या वर जातं. सगळीकडे वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, मुख्य रस्ते बहुतेक डांबरी. झांबिया-बोट्स्वानाच्या सीमेवर पूर्वी फेरीबोटीसाठी ताटकळावं लागायचं, २०२१ मध्ये काझुंगुलाचा पूल सुरू झाल्यापासून तेही संपलं.

आता पैशाचं. बाइक काही काळासाठी बाहेर नेऊन परत आणायची तर कार्नेट, म्हणजे कस्टमसाठीचं बाइकचं कागदपत्र, काढावं लागतं. ते मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळतं. तुम्ही बाइक परदेशात विकून येणार नाही याची ती हमी, आणि त्यासाठी ठेवायची रक्कम बाइकच्या किमतीवर ठरते. म्हणजे महाग बाइक घेतली की शोरूममध्ये एकदा पैसे गेले आणि हमीत दुसऱ्यांदा अडकले. सीमेवर आत जाताना आणि बाहेर पडताना लागेल तिथे त्यावर शिक्का न विसरता घ्यायचा. एक जरी राहिला तर हमी सुटता सुटत नाही. म्हणून बाइक पक्की करण्याआधी हमीचा आकडा लेखी मागवा. तो पाहून बऱ्याच जणांची हजार सीसीची हौस आपोआप उतरते.

तरी पैसा हे माझं मुख्य कारण नाही. मुख्य कारण वजन. बीएमडब्ल्यूची आर १२५० जीएस पेट्रोलसकट २४९ किलो भरते. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० भरते १९६, जुनी हिमालयन ४११ जवळपास तेवढीच, हीरोची एक्सपल्स २०० साधारण १६०. त्यावर तुमचं तीस-चाळीस किलो सामान. नामिबियात वॉल्व्हिस बेहून सॉलिटेअरला जाणारा सी १४ रस्ता सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, बराचसा खडीचा आणि पन्हाळीच्या पत्र्यासारखा खळखळीत. मध्येच भुसभुशीत वाळू येते आणि पुढचं चाक तरंगायला लागतं. बाइक तिथे पडणारच, चांगल्या चांगल्यांची पडते. दुपारच्या उन्हात एकट्याने ती तीन वेळा उचलायची ताकद आहे का, एवढाच प्रश्न. उत्तर घरबसल्या शोधू नका. कन्हान नदीच्या पात्रात कोरडी वाळू असेल तेव्हा बाइक सामानासकट आडवी पाडा आणि उभी करा. तीही मे महिन्यात, दुपारी.

दुसरं, दुरुस्ती. केनिया, युगांडा, टांझानियात मोटरसायकल टॅक्सीचा धंदा प्रचंड आहे आणि त्यात आपल्या बजाजची बॉक्सर, टीव्हीएसची एचएलएक्स जिकडेतिकडे दिसते. त्यामुळे नाक्यानाक्यावर मिस्तरी असतो. तिकडे त्याला फुंडी म्हणतात. तुमच्या मॉडेलचा पार्ट त्याच्याकडे नसेलही, पण एअरकूल्ड सिंगल सिलिंडरवर त्याचा हात बसलेला असतो. टॅपेट सेटिंग, क्लच प्लेट, वाकलेला फूटरेस्ट, वेल्डिंग, सगळं होतं. दोन सिलिंडर आणि ढीगभर सेन्सर असलेल्या बाइकपुढे तोही हात टेकतो, मग राजधानी गाठेपर्यंत ट्रकच्या हौद्यात बसून जायचं.

मग घ्यायची कोणती? तुमच्या जागी मी असतो तर एक्सपल्स २०० फोर व्ही घेतली असती. लोक हसतील, हसू द्या. तेरा लिटरची टाकी, पुढे २१ आणि मागे १८ इंची स्पोकची चाकं. पाच लिटरचा कॅन बांधला की पेट्रोलची चिंता मिटते. उणी बाजूही आहे: झांबियातल्या लांबलचक सरळ रस्त्यावर ट्रकला ओलांडताना जीव वर-खाली होतो. सीटही उंच आहे, तुमच्या उंचीला फक्त चवडे टेकतील, तेव्हा आधी बसून पाहा. ते जमत नसेल तर जुनी ४११ शोधा. चोवीस बीएचपी म्हणजे काही उडत नाही, पण इंजिन शांत आहे आणि हलक्या पेट्रोलवर कुरकुर करत नाही. २०२० नंतरचं, मागचं एबीएस बंद करता येणारं मॉडेल पाहा आणि हँडलचा कोनसेट, म्हणजे बेअरिंग, नीट तपासा. ४५० उत्तम बाइक आहे, चाळीस पीएस आहेत, मागे कोणी बसणार असतं तर तीच सांगितली असती. पण लिक्विड कूलिंग आणि राइड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल) असल्याने फुंडीच्या हाती फार काही उरत नाही.

सिंह-हत्ती पाहायला मोठी दमदार बाइक हवी, असं मनात असेल तर तेही काढूनच टाका. नामिबियातलं इटोशा आणि दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर या राष्ट्रीय उद्यानांत मोटरसायकलला प्रवेशच नाही, तिथे भाड्याची गाडी करावी लागते. बोट्स्वानात काझुंगुलाहून नाटा गावाकडे जाताना हत्ती मात्र हमरस्त्यावरच उभे असतात. तिथे अंधारात चालवू नका, बाइक कुठलीही असो.

वाचलेल्या पैशांतून चांगले टायर, जास्तीच्या ट्यूबा आणि एक क्लच प्लेटचा सेट घ्या. २१ इंची ट्यूब वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका. मागचं चाक काढून, ट्यूब बदलून परत बसवायचं काम निघण्याआधी स्वतःच्या हाताने करून पाहा. गॅरेजमध्ये नाही, घराच्या अंगणात, दोन टायर लिव्हर आणि हातपंपावर. टायर रिमवर चढताना अडला तर इथेच फोटो टाका, कुठे चुकतंय ते पाहून सांगतो.