‘काय करलालीस’ हे अशुद्ध मराठी आहे का?

एका ताईंनी विचारलंय. त्या मूळच्या सोलापूरच्या, लेक पुण्यात हॉस्टेलला. लेकीनं फोनवर "आई, काय करलालीस?" विचारलं आणि रूममधल्या मुली हसल्या, ही कुठली भाषा म्हणून. तेव्हापासनं लेक फोनवर जपून बोलते, "काय करतेस" म्हणते. ताईंचा प्रश्न असा की करलालीस हे अशुद्ध आहे का, आणि त्यातलं ते ‘लाल’ आलं कुठनं.

अशुद्ध नाही हे आधी सांगतो, बाकीचं सविस्तर. पोरगी आईशी बोलताना शब्द तोलून बोलायला लागली हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, म्हणून जरा लांबण लावतोय.

मूळ शब्द साधा आहे, ‘लागणे’. करायला लागलीस किंवा करू लागलीस, त्यातला ‘ग’ बोलताना गळाला आणि राहिलं करलालीस. अजून काहीजण जाऊलालो, येऊलालो असं म्हणतात, त्यात तो ‘करू लागलो’ मधला ‘ऊ’ चांगला ऐकू येतो, आणि काहीजण त्याच्याही पुढं जाऊन नुसतं येलालो म्हणतात. असं आखडणं आपल्याकडं नवीन नाही, आलो होतो चं आलतो, गेलो होतो चं गेलतो सगळा महाराष्ट्र करतो आणि त्याला कुणी हसत नाही. आमच्याकडं तर दोन्ही एकत्र येऊन करलालतो पण होतं, म्हणजे करत होतो. "तू फोन केलास तेव्हा मी जेवलालतो."

आता खरी गंमत रूपात नाही, अर्थात आहे. पुण्यात "पाऊस पडायला लागला" म्हणलं की पाऊस आत्ता सुरू झाला. सोलापुरात "पाऊस पडलालाय" म्हणलं तर तो तासभर आधीपासनं पडत असेल, आत्ताही पडतोय एवढंच सांगायचंय. आणि सुरुवात सांगायची असली की आम्ही पण पूर्ण शब्दच वापरतो, पडायला लागला किंवा चालू झाला. म्हणजे एकाच शब्दाचे दोन झाले, अख्खा राहिला तो सुरुवातीसाठी आणि झिजला तो चालू कामासाठी. अशी वाटणी बोलणारे कधी ठरवून करत नाहीत पण एकदा झाली की कुणी चुकत पण नाही. ‘जेवलो’ आणि ‘जेवलालो’ यात चार वर्षांचं लेकरू सुद्धा गोंधळत नाही. बाहेरचा माणूस मात्र गोंधळतो. मी एकदा मुंबईच्या पाहुण्यांना फोनवर "जेवलालो, या की" म्हणालो, त्यांनी ‘जेवलो’ ऐकलं, बाहेर कुठंतरी खाऊन आले, आणि इकडं आमच्या घरी कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही सगळं मांडून ठेवलेलं.

मग ‘लागणे’ सुरुवात सोडून चालू कामाकडं का सरकलं? माझं मत स्पष्ट आहे, शेजारच्या कानडीमुळं त्याला बळ मिळालं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, पुढं इंडी, विजापूर या पट्ट्यातलं कानडी ऐका. ‘मी करतोय’ ला तिथं ‘माडाक हत्तीनि’ म्हणतात, आणि भरभर बोलताना ‘माडाकत्तीनि’. यातलं माडाक म्हणजे करायला, आणि हत्तु म्हणजे चढणे, चिकटणे, लागणे. आग लागली ला कानडीत ‘बेंकी हत्तितु’ म्हणतात, बेंकी म्हणजे आग आणि हत्तितु म्हणजे लागली. तेव्हा माडाक हत्तीनि म्हणजे शब्दाला शब्द करायला लागलो, पण अर्थ करतोय. करलालो ची आणि त्याची बांधणी एक, अर्थ एक, आखडून बोलायची पद्धत पण एक. अर्धं गाव घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलतं तिथं शब्द आपापल्या भाषेतलेच राहतात, पण वाक्य बांधायची सवय इकडनं तिकडं जाते.

हे फक्त सोलापूरचंच आहे असंही नाही. लातूर, नांदेडला "काय करायलास" ऐकाल, कोल्हापूरला "काय करालायस". सगळीकडं तेच ‘लागणे’ वेगवेगळं झिजलेलं दिसतंय आणि हा सगळा पट्टा कानडी, तेलुगूच्या शेजारचा आहे. उलट विदर्भात जा, तिथं "काय करून राहिला", ते हिंदीच्या ‘कर रहा है’ च्या अंगानं जातं. ज्याचा जो शेजार तसं बोलणं!

आणि सोलापूरचा शेजार तर तिहेरी चौहेरी. पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली, तीच आमची ‘जुनी गिरणी’, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा एकेक वाढत गेल्या. तेलंगणातनं पद्मशाली विणकर आले, ते आजही मुख्यतः पूर्व भागात राहतात, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ काढतात. कानडी बोलणारी लिंगायत घरं त्याच्या कितीतरी आधीपासनं आहेत, बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची वचनं कानडीतच आहेत, आणि त्यांच्या संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज निघाले की हर्र बोला हर्र चा गजर मराठी, तेलुगू सगळ्या तोंडातनं एकच येतो. वर मुसलमान घरातली दखनी.

लहानपणी आमच्या शेजारी एक अक्का विड्या वळायच्या, त्यांची घरची भाषा तेलुगू. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली पानं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा, कात्रीनं भोवतीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून गुंडाळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. बोटं थांबायचीच नाहीत कारण मजुरी हजारावर. सुनेशी तेलुगू, जोंधळे विकायला येणाऱ्या बाईशी कानडी, आणि आम्ही पोरं दंगा करत दारात आलो की बोट ओठावर ठेवून "लेकरू झोपलालंय रे, हळू" हे मराठीत. माझ्या डोक्यात ‘झोपलालंय’ हा शब्द त्या बाईंच्या आवाजातच बसलाय. तेलुगूत वाढलेली बाई, तिनं मराठी गल्लीतच उचललं, आणि ते इतकं चोख की झोपलंय आणि झोपलालंय यात कधी घोळ नाही.

(जाता जाता, ‘अव्वा’ पण बघा. आमच्या भागातल्या कानडी घरात अव्वा म्हणजे आई, आणि तेलुगू घरात अव्वा म्हणजे आजी. एका वाड्यात दोन्ही घरं असली आणि कुणी "अव्वा" म्हणून हाक मारली की दोन बाया ओ द्यायच्या.)

शुद्ध अशुद्ध म्हणणाऱ्यांना मी एक गाव सांगतो, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना तिथं मिळतात. कुडल हा कानडी शब्द, अर्थ संगम, आणि देवाचं नाव संगमेश्वर, म्हणजे तोच अर्थ संस्कृतात. त्या देवळातल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे, ‘वाछि तो विजेया होइवा’, जो वाचेल तो विजयी होईल. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला, आणि साल कोरलेल्या जुन्यात जुन्या मराठी लेखांत तो धरतात. म्हणजे मराठीचा इतका जुना पुरावा कानडी नावाच्या गावात मिळतो!

आता वापराचं. बरोबरीच्या दोस्ताला "काय करलालास बे", पण तो ‘बे’ मोठ्यांपुढं अजिबात नको. मोठ्या माणसाला "तुम्ही काय करलालाव?". बाईमाणूस असली तर मी करलाली, तू करलालीस. परीक्षेच्या पेपरात आणि ऑफिसच्या मेलमधे करत आहे लिहायचं, तिथं कुणीच बोली लिहीत नाही, पुण्याची मुलं पण ‘करतोय’ लिहीत नाहीत. हसणाऱ्या मुलींना लेकीनं जेवलो आणि जेवलालो चा फरक सांगून बघावा, त्यांना आवडेल.

ताई, एक मलाच विचारायचंय. तुमच्या आई, आजी जाऊलाली म्हणायच्या का नुसतं जालाली? आणि माहेर शहरातलं का अक्कलकोटकडचं? ‘ऊ’ टिकलेली रूपं कुठल्या बाजूला जास्त आहेत ते मी गावागावाप्रमाणं वहीत उतरवून ठेवलालोय, तुमचं पण त्यात घालतो.