अमेरिकेत पुराने शेताचं कुंपण वाहून गेलं. आधी दुरुस्ती करून नंतर सरकारकडे बिल मागता येतं का?

नाही, मंजुरीआधी दुरुस्तीला हात लावू नका. खर्च बहुधा नाकारला जाईल. ही मदत कृषी खात्याच्या 'इमर्जन्सी कन्झर्वेशन प्रोग्रॅम'मधून मिळते. त्याच्या नियमानुसार फार्म सर्व्हिस एजन्सी या त्याच खात्याच्या संस्थेचा माणूस आधी शेतावर येऊन नुकसान पाहतो, मग तिची काउंटी (म्हणजे जिल्हा) समिती अर्ज मंजूर करते. सहसा 75 टक्क्यांपर्यंत खर्च मिळतो, नवख्या किंवा तुटपुंज्या उत्पन्नाच्या शेतकऱ्यांना 90 टक्क्यांपर्यंत. वाहून आलेले ओंडके-दगड काढणं, जमीन सपाट करणं, कुंपण उभारणं यात बसतं. बुडालेलं पीक नाही, त्यासाठी पीकविमा वेगळा. मात्र त्या पुरासाठी तुमच्या काउंटीत योजना लागू झालेली हवी आणि निधीही शिल्लक हवा. म्हणून आजच फोटो काढा आणि एजन्सीच्या काउंटी कार्यालयाला फोन करा.