गहू सोडला, मग तपासणी केली

प्रश्न : ताई, माझं वय ३४. सहा वर्षांपासून पोट फुगतं, मधूनच जुलाब लागतात, तोंड तर सारखं आलेलं असतं. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ९ च्या पुढे सरकत नाही. कुणी म्हणालं ताण आहे, कुणी म्हणालं आतडंच नाजूक आहे. चार महिन्यांपूर्वी मीच गहू पूर्ण बंद केला आणि महिन्याभरात पोट शांत झालं. मग सिलिॲकची रक्ततपासणी केली, ती निगेटिव्ह आली. घरचे म्हणतात, सगळे मनाचे खेळ. खरंच तसं असेल का?

उत्तर : नाही, मनाचे खेळ नाहीत. हे आधी सांगते, कारण मला ते ऐकायला नऊ वर्षं वाट पाहावी लागली.

तुमची तपासणी चुकीच्या वेळी झाली, एवढंच. सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. टीटीजी या रक्ततपासणीत दिसतात त्या या हल्ल्याच्या वेळी तयार होणाऱ्या अँटिबॉडी. खाणं थांबलं की त्या हळूहळू ओसरतात, आतडंही भरून यायला लागतं. चार महिन्यांनी आलेल्या निगेटिव्ह रिपोर्टवरून आजार नाही असं म्हणताच येत नाही. शिवाय सोबत एकूण आयजीए (ही तपासणी अँटिबॉडीचा जो प्रकार शोधते, तो) मोजलं होतं का, तेही बघा. काहींच्या रक्तात ते मुळातच कमी असतं आणि मग आजार असूनही नेहमीची तपासणी निगेटिव्ह येते.

माझ्याकडे जाडजूड फाइल होती, पण ती सलग कुणी वाचलीच नव्हती. रक्तासाठी एक डॉक्टर, पोटासाठी दुसरे, तोंड आलं की दातांचे. एकदा एंडोस्कोपीही झाली, ‘सर्व ठीक’ असा शेरा मिळाला. तेव्हा आतड्याचा तुकडा तपासायला घेतलाच नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. वरून पाहून आतडं चांगलं दिसू शकतं. शेवटी एका रात्री मी कागदावर हिमोग्लोबिनचे आकडे तेवढे तारीखवार उतरवले: ८.९, ९.४, ८.७, ९.१. प्रत्येकासमोर त्या वेळी चालू असलेली गोळी. नव्या डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि काही न विचारता माझा हात हातात घेऊन नखं पाहिली. चमच्यासारखी मधे खोलगट झालेली. म्हणाल्या, “लोह पोटात जातंय, अंगी लागत नाहीये.” लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सिलिॲक नेमका तिथेच घाव घालतो. मी त्यांच्यासमोर रडले. आजार कळला म्हणून नव्हे, कुणीतरी सगळं एकत्र पाहिलं म्हणून.

तसा कागद तुम्हीही आजच करा आणि पोटविकारतज्ज्ञांकडे न्या. ते बहुधा काही आठवडे पुन्हा गहू खायला सांगतील, मगच रक्त आणि एंडोस्कोपी. किती आणि किती दिवस, हे त्यांनीच ठरवायचं. त्रास फार वाढला तर सहन करत बसू नका, लगेच कळवा. ते आठवडे जड जातील, मला माहीत आहे. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात गव्हाचा दोष दाखवला, तोही मुलांच्या आहारातून गहू काढून आणि परत देऊनच. एंडोस्कोपीआधी स्पष्ट विचारा, “तुकडे किती घेणार?” इजा जागोजागी विखुरलेली असते, म्हणून चार ते सहा तरी हवेत.

गहू पुन्हा खाणं अजिबात शक्य नसेल तर जनुकांची तपासणी आहे, तिला आहार आड येत नाही. डीक्यू२ आणि डीक्यू८ ही दोन्ही जनुकं नसतील तर सिलिॲक जवळपास बाद. असतील तर मात्र त्यावरून निदान होत नाही, कारण ती साधारण तीन जणांत एकाकडे असतातच.

इतका खटाटोप कशाला, बरं वाटतंय ना, असं कुणी म्हणेल. पण सिलिॲक ठरला तर पथ्य जन्मभराचं असतं, कणभर चूकही चालत नाही, हाडांची घनता तपासावी लागते. आणि आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही रक्ततपासणी करायला हवी. माझ्या धाकट्या बहिणीला काहीच त्रास नव्हता. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.