सोनौलीची सीमा: खरेदी कुठे करावी आणि पुढे कसे जावे?

प्रश्न: मी नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणारा निवृत्त शिक्षक असून माझे वय 61 आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी, पत्नी (वय 58) आणि आई (वय 76) असे तिघे नेपाळला जाण्याच्या विचारात आहोत. नाशिकरोडहून रेल्वेने गोरखपूर, तेथून सोनौली, सीमेवरच्या बाजारात दोन दिवस मुक्काम करून ब्लँकेट, जॅकेट आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची खरेदी, आणि मग लुंबिनी, पोखरा, काठमांडू असा बेत आहे. माझ्या वडिलांनी 1980 च्या सुमारास याच वाटेने आणलेला टेपरेकॉर्डर आमच्याकडे अजून आहे. हा बेत योग्य वाटतो का? ओळखपत्र म्हणून आधारकार्ड पुरेल का?

उत्तर: आपला बेत चांगला आहे, मात्र त्यातले सोनौलीचे दोन दिवस काढून टाकावेत आणि ते लुंबिनीला द्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

आपल्या वडिलांचा टेपरेकॉर्डर ज्या काळात घरी आला, त्या काळात भारतात परदेशी वस्तूंवर परवान्यांचे आणि जबर आयातकराचे निर्बंध होते. नेपाळमध्ये मात्र जपान आणि हाँगकाँगचा माल त्या मानाने हलक्या करात येत असे. त्यामुळे सीमेपलीकडच्या दुकानांत घड्याळे, कॅमेरे, छत्र्या आणि टेपरेकॉर्डर पाहून आपली माणसे हरखून जात. 1991 नंतर आपल्याकडची आयात खुली झाली आणि किमतींतली ती तफावत जवळजवळ संपली. आज तेथील काउंटरवर दिसणारी बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तू आपल्याला शालिमार किंवा मेन रोडवर पक्क्या बिलासह आणि भारतात चालणाऱ्या वॉरंटीसह मिळते. खरे तर गिऱ्हाइकांचा ओघ आता उलटा आहे. नेपाळातील भैरहवा आणि बुटवलकडची कुटुंबे किराणा, कापड आणि भांडी घेण्यासाठी आपल्या बाजूच्या सोनौलीत आणि नौतनव्यात येतात. नेपाळ सरकारने 2023 मध्ये 100 नेपाळी रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या मालावर सीमाशुल्क आकारण्याच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू केली, तेव्हापासून पलीकडे जाणाऱ्यांच्या पिशव्या अधिक बारकाईने तपासल्या जातात. म्हणून नाशिकहून निघतानाच नातेवाइकांसाठी नव्या कोऱ्या भेटवस्तूंचे गठ्ठे घेऊन जाऊ नये.

आता कागदपत्रे. भारत आणि नेपाळ यांच्यात 1950 चा शांतता आणि मैत्रीचा करार आहे. आपल्याला व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टही सक्तीचा नाही, परंतु पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ हवे. आधारकार्डाच्या बाबतीत बहुतेकांची गल्लत होते. 65 वर्षांवरील आणि 15 वर्षांखालील प्रवाशांनाच आधार, पॅन किंवा वाहन परवाना यांसारख्या छायाचित्र असलेल्या पर्यायी कागदांची सवलत आहे. म्हणजे आपल्या आईंचे आधारकार्ड चालेल, आपले आणि आपल्या पत्नीचे चालणार नाही. सोनौलीच्या सीमेवरच्या कमानीतून रोज हजारो माणसे पायी ये-जा करतात आणि प्रत्येकाला थांबवले जात नाही, हे खरे आहे. पण हॉटेलात, विमानतळावर आणि वाटेतल्या तपासणी नाक्यांवर कागद मागितला जातो, आणि तेथे तो नसेल तर सोबतच्या वृद्ध माणसाचे हाल होतात. पासपोर्ट काढलेला असेल तर तोच घ्यावा. त्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या भारत प्रतिभूति मुद्रणालयातच छापल्या जातात.

त्याच मुद्रणालयाचे नेपाळच्या चलनाशीही जुने नाते आहे. नेपाळने 1945 मध्ये पहिल्यांदा कागदी नोटा काढल्या, त्या नाशिकलाच छापल्या होत्या. आजचा हिशेब सोपा आहे. 1993 पासून 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. दुकानदार किंमत सांगतो तेव्हा ती 'आयसी'मध्ये की 'एनसी'मध्ये, हे प्रत्येक वेळी विचारावे. आयसी म्हणजे भारतीय आणि एनसी म्हणजे नेपाळी चलन. हा एक प्रश्न न विचारल्यामुळे दीडपटीहून जास्त पैसे देऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत. डिसेंबर 2018 मध्ये नेपाळने 100 रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. या नियमात बदल होत असतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात चालू नियम पाहावा. तरी माझा सल्ला असा की, बँकेतून 100 च्या नोटांची बंडले घेऊन जावीत, कारण ती घ्यायला कोणीही कुरकुर करत नाही. मार्च 2024 पासून नेपाळमधील दुकानांत यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू झाली आहे. तेथील क्यूआर कोडवर 'फोनपे' असे नाव दिसते, ते नेपाळचे स्वतंत्र जाळे आहे, आपल्या मोबाइलमधल्या त्याच नावाच्या अॅपशी त्याचा संबंध नाही. डोंगरी भागात नेटवर्क जाते, त्यामुळे केवळ मोबाइलवर विसंबू नये.

दिवाळीच्या तारखांबाबत आपण फेरविचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुंबईहून निघणाऱ्या कुशीनगर, गोदान आणि काशी या एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबतात आणि गोरखपूरला जातात, पण दिवाळी ते छठपूजा या काळात त्या गाड्यांत आरक्षित डब्यातसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. 76 वर्षांच्या आईंना रात्री शौचालयापर्यंत जाणेही कठीण होईल. छठ आटोपल्यानंतर आठवडाभराने निघावे. हवा तेव्हाही छान असते, आकाश स्वच्छ असल्याने पोखऱ्याहून हिमशिखरे दिसण्याची शक्यता चांगली असते आणि परतीच्या प्रवाशांची गर्दी आपल्या उलट दिशेने, मुंबईकडे असते. आरक्षण 60 दिवस आधी उघडते, त्या दिवशी सकाळीच तिकिटे काढावीत. गोरखपूरचा फलाट 1366 मीटर लांब आहे. हुबळीचा होईपर्यंत तो जगातला सर्वांत लांब मानला जात होता. आईंसाठी चाकांच्या खुर्चीची विचारणा आधीच करून ठेवावी.

गोरखपूर ते सोनौली हा बसने सुमारे तीन तासांचा रस्ता आहे, आणि पहिली फसवणूक याच टप्प्यावर होते. बारा वर्षांपूर्वी मी स्वतः गोरखपूर स्थानकाबाहेरच्या एका एजंटाकडून 'थेट काठमांडू' असे तिकीट घेतले होते. त्या बसने आम्हाला सीमेच्या अलीकडे उतरवले, पलीकडची 'जोड बस' आलीच नाही आणि हातातली चिठ्ठी तेथे कोणी ओळखली नाही. तेव्हापासून मी तिकीट सीमेपर्यंतचेच काढतो, कमान पायी किंवा सायकलरिक्षाने ओलांडतो आणि पुढचे तिकीट पलीकडे बेलहियात किंवा चार किलोमीटरवरच्या भैरहव्यात, बस डोळ्यांसमोर उभी पाहून घेतो. कमानीजवळ मालट्रकांची लांबलचक रांग असते, धूळ असते, हॉर्नचा गोंगाट असतो. आईंचा हात धरून डाव्या कडेने सावकाश चालावे. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे, कारण पलीकडच्या सर्व बसगाड्या नेपाळी वेळेनुसार सुटतात. दोहोंपैकी कोणत्याही देशात निवडणूक असली की मतदानापूर्वी सीमा तात्पुरती बंद ठेवली जाते, तेवढे वर्तमानपत्रात पाहून निघावे.

भैरहव्याहून लुंबिनी जेमतेम तासाभरावर आहे. तेथे दोन रात्री राहावे. त्रिरश्मी (पांडवलेणी) या बौद्ध लेण्यांच्या शहरातून आलेल्या माणसाला मायादेवी मंदिराशेजारचा अशोकस्तंभ पाहताना जे वाटते, ते घाईत वाटून घेता येत नाही. 1896 मध्ये उजेडात आलेल्या त्या स्तंभावर ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे की, भगवंतांचा जन्म येथे झाला म्हणून लुंबिनी गावाचा 'बलि' हा कर माफ केला आणि शेतसारा आठव्या हिश्शावर आणला. मंदिराच्या आत छायाचित्रे काढू देत नाहीत. परिसर फार मोठा असल्याने ई-रिक्षा ठरवून घ्यावी.

पुढच्या प्रवासाबद्दल मी अधिक स्पष्ट बोलतो. 23 ऑगस्ट 2024 रोजी आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. त्याच्या आदल्याच महिन्यात नारायणगढ ते मुग्लिङ रस्त्यावर दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. म्हणून पावसाळ्यात हा प्रवास करू नये, रात्रीच्या बसने कधीही करू नये, आणि दिवसाही चालक एकटा असेल आणि सलग दहा-बारा तास गाडी हाकणार असेल तर ती गाडी नाकारावी. लुंबिनीहून पोखऱ्याला जाताना बुटवलवरून तानसेनमार्गे सिद्धार्थ राजमार्ग घ्यावा. हा रस्ता वळणांचा आहे, पण तानसेनला एक रात्र थांबले की आईंना झेपेल. पोखरा ते काठमांडू मात्र बसचा विचार सोडून विमानानेच जावे. अर्ध्या तासाच्या आसपासचे उड्डाण आहे आणि तिघांच्या खर्चात जी वाढ होईल, ती या रस्त्यापुढे काहीच नाही.

प्रश्न: मी पंचवटीत राहते. आमच्या महिला मंडळाच्या बारा जणी याच मार्गाने नेपाळला जाणार आहोत. तेथून आणण्यासारखे नेमके काय आहे आणि परतताना कस्टमवाले अडवतात का?

उत्तर: जी वस्तू त्या मातीत किंवा त्या माणसांच्या हातून तयार होते, ती घ्यावी, आणि शक्यतो जेथे तयार होते तेथेच घ्यावी. वर उल्लेख केलेले तानसेन हे पाल्पा जिल्ह्यातले डोंगरावरचे गाव त्या दृष्टीने सोनौलीच्या दहापट मोलाचे आहे. तेथील ढाका कापड हातमागावर विणले जाते. टोपी, शाल आणि ब्लाउजपीस तिन्ही मिळतात. कापड उलटे करून पाहावे. विणलेल्या नक्षीचे धागे मागच्या बाजूला दिसतात, छापील नकलेची मागची बाजू फिकट आणि सपाट असते.

तानसेनची दुसरी वस्तू म्हणजे करुवा. हा तोटीचा ओतीव गडू आहे. आपण भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेत वाढलेल्या बायका, त्यामुळे हातात घेताच त्याचे वजन कळेल. पत्र्याच्या गडूपेक्षा तो कितीतरी जड असतो, पोट गोल आणि तोटी बदकाच्या मानेसारखी वळलेली. घेण्यापूर्वी दुकानदाराकडून त्यात पाणी भरून घ्यावे आणि ओतून पाहावे. धार अखंड पडली पाहिजे, तोटीच्या मुळाशी पाणी पाझरता कामा नये, आणि तिथे डाग दिल्याची रेघ दिसली तर तो नग बाजूला ठेवावा. मी आणलेला करुवा आमच्या देवघरात आहे आणि आजही त्यातूनच देवावर पाणी घालतो.

पश्मिन्याच्या बाबतीत घाई करू नये. अस्सल पश्मिना च्यांग्रा जातीच्या डोंगरी शेळीच्या आतल्या मऊ लोकरीचा असतो आणि तो चारशे-पाचशे रुपयांत मिळत नाही. त्या किमतीत मिळते ती व्हिस्कोस किंवा अॅक्रिलिकची शाल. ती वाईट नव्हे, पण पश्मिना म्हणून पैसे देऊ नयेत. अंगठीतून शाल ओढून दाखवणे ही काही परीक्षा नाही, पातळ कृत्रिम कापडही अंगठीतून जाते. एक सुटा धागा जाळला की लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, अॅक्रिलिकच्या धाग्याची कडक गोळी होते आणि व्हिस्कोस कागदासारखे जळते. रुद्राक्षांसाठी मात्र मुद्दाम धडपड करू नये. नेपाळी रुद्राक्ष त्र्यंबकेश्वरलाही विकले जातात आणि सीमेवरच्या बाजारात मुखे कोरून केलेले नकली रुद्राक्ष सर्रास मिळतात. इलामचा चहा आणि टिमुर जरूर आणावे. टिमुर हे आपल्या कोकणातल्या तिरफळाचे भाऊबंद आहे, चटणीत चिमूटभर पुरते. खुकरी, म्हणजे गोरख्यांचा वाकडा सुरा, घेण्याचा मोह टाळावा, पुढे रेल्वेत आणि विमानात ती डोकेदुखी ठरते.

कस्टमचे अधिकारी अडवतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. जमिनीवरून परतणाऱ्याला विमानाने येणाऱ्याइतकी सवलत मिळत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. 2016 च्या बॅगेज नियमांनुसार नेपाळहून विमानाने येणाऱ्याला 15,000 रुपयांपर्यंतच्या वस्तू विनाशुल्क आणता येत असत, तर जमिनीवरून येणाऱ्याला केवळ वापरातल्या वैयक्तिक वस्तूंचीच मुभा होती. हे आकडे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू नियम पाहावा. दोन शाली आणि एक गडू पाहून कोणी त्रास देत नाही, पण एकाच नमुन्याच्या बारा जॅकेटांचा गठ्ठा एकीच्या पिशवीत निघाला तर तो व्यापारी माल समजला जातो. प्रत्येकीने आपली खरेदी आपल्याच पिशवीत ठेवावी आणि बिले जपून ठेवावीत. 'ताई, एवढी पिशवी पलीकडे न्या' असे म्हणत कोणी काही हातात दिले, तर ती व्यक्ती कितीही गरीब किंवा सज्जन दिसली तरी नाकारावे. पिशवीत काय आहे याचा जबाब ती ज्याच्या हातात असते, त्यालाच द्यावा लागतो.

प्रश्न: माझी भाची अमेरिकन नागरिक असून तिच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड आहे. ती आमच्याबरोबर सोनौलीहून तशीच चालत पलीकडे येऊ शकेल का?

उत्तर: नाही. व्हिसाशिवाय जाण्याची मुभा भारतीय नागरिकांना आहे, ओसीआय कार्डधारकाला नाही. तिने आधी सोनौलीतल्या भारतीय इमिग्रेशन कार्यालयात पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्का घ्यावा आणि मग बेलहियातल्या नेपाळी कार्यालयात व्हिसा घ्यावा. 15 दिवसांच्या व्हिसाला 30 डॉलर आणि 30 दिवसांच्या व्हिसाला 50 डॉलर लागतात, ते सुट्या रोख डॉलरमध्ये ठेवावेत. ही दोन्ही कार्यालये रस्त्याकडेला असून गर्दीच्या लोंढ्यात सहज मागे पडतात आणि कोणी हाक मारून बोलावत नाही. शिक्क्याशिवाय पलीकडे गेल्याचे परतताना उघडकीस आले तर दंड आणि चौकशी तिला एकटीला भोगावी लागेल. म्हणून त्या दिवशी सर्वांनी सकाळीच सीमेवर पोहोचावे आणि तिचे दोन्ही शिक्के स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढची गाडी ठरवू नये.