स्पेलिंग चुकतं म्हणजे पाया कच्चा, असं कोणी सांगितलं?

तुमचा प्रश्न असा आहे: मराठी माध्यमात शिकल्यामुळे ऑफिसच्या मेलमध्ये सेपरेट, अकोमोडेशन, डेफिनेटली अशी स्पेलिंगं कायम चुकतात, ती लक्षात ठेवायची काही युक्ती आहे का, की पायाच कच्चा म्हणून सोडून द्यायचं? युक्त्या सांगते. पण ते 'मराठी माध्यमामुळे' आधी खोडते. हे वाक्य मी आमच्या घरात फार वर्षं ऐकत आलेय.

कोल्हापुरात आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड, संस्थांची माहितीपत्रकं. डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवायचं काम, मी बघते. माझी शाळा जिल्हा परिषदेची, इंग्रजी पाचवीपासून. माझे सासरे सातवी शिकलेले, खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवणारे कंपोझिटर. त्यांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण त्यांनी जुळवलेल्या इंग्रजी मजकुराचं प्रूफ तपासायला फारसं काही उरायचंच नाही. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं, त्यामुळे शब्द एका नजरेत वाचून पुढे जाता येत नाही. एकेक अक्षर खणातून उचलायचं आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, बसवायचं. दोन एम हवे तर हात एमच्या खणात दोनदा जाणार. ते काम करताना तोंडाने पुटपुटायचे: 'वेड-नेस-डे', 'फेब-रु-आरी', 'गव्हर्न-मेंट', 'से-पा-रा-टे'. बोलताना ते वेन्सडेच म्हणायचे. हे पुटपुटणं फक्त हातासाठी होतं.

पुढे ऑफसेट, म्हणजे खिळ्यांऐवजी प्लेटवरून होणारी छपाई, आली, खिळे भंगारात गेले, तरी ते रोज छापखान्यात येऊन बसायचे. तेव्हाची गोष्ट. एका शिक्षणसंस्थेचं माहितीपत्रक आमच्याकडे होतं. हस्तलिखितात वसतिगृहाच्या पानावर मोठ्या अक्षरात 'अकोमोडेशन', आणि त्यात एमच एक. मी दोन करून प्रूफ काढलं. संस्थेचे सचिव प्रूफ बघायला आले आणि लाल पेनाने माझा एक एम उडवला. मी म्हटलं, "साहेब, दोन एम आहेत." त्यांनी वर न बघता विचारलं, "तुमचं शिक्षण कुठल्या माध्यमात?" मी सांगितलं. "मग राहू द्या," म्हणाले.

माझे मोठे दीर तिथेच होते. ते म्हणाले, "गिऱ्हाईक सांगतंय तसं छाप की. इंग्रजी शाळेत शिकलेत ते, तुला जास्त कळतं का?"

सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीतून उठले. त्यांनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा वर सरकवला आणि सचिवांना म्हणाले, "साहेब, तुमच्या संस्थेत अकाउंट असतो, तसे अकाउंटचे दोन सी. आणि कमिटी असते, तसे कमिटीचे दोन एम. दोन्ही घातल्याशिवाय पोरांची राहायची सोय होत नाही." सचिव काही बोलले नाहीत, प्रूफ घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर प्रूफ परत आलं. दोन एम, खाली सही.

ही युक्ती म्हणून सांगितली असली तरी भाषेच्या हिशेबानेही बरोबर आहे. त्या शब्दात लॅटिनचे 'अ‍ॅड' आणि 'कॉम' असे दोन उपसर्ग एकापुढे एक बसलेत. पहिल्यातला डी पुढच्या सीसारखा झाला, म्हणून अकाउंटसारखे दोन सी, दुसऱ्यामुळे कमिटी-कमिशनसारखे दोन एम. सासऱ्यांना लॅटिन माहीत नव्हतं, पण कुठला शब्द कुठल्या शब्दाच्या घरातला, हे हाताला ठाऊक होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: दहा-दहा वेळा लिहून काढणं फुकट आहे. इंग्रजी शब्दात ज्या स्वरावर जोर नसतो तो गिळला जातो, आणि आपण ऐकून लिहितो म्हणून नेमका तोच चुकतो. इंग्रज पोरांचंही तिथंच चुकतं. तेव्हा त्या शब्दाचा असा नातेवाईक शोधायचा, ज्यात तो स्वर खणखणीत ऐकू येतो. ग्रॅमरच्या शेवटी ए की ई? ग्रॅमॅटिकल म्हणा, ए ऐकू येतो. डेफिनेटलीत ए घालावासा वाटतो? डेफिनिशन म्हणा, आय सापडतो. सेपरेटचा नातेवाईक प्रिपेअर, दोघांत पी-ए-आर. शिवाय सेपरेटच्या पोटात ए-आर-ए-टी, म्हणजे एक उंदीर आहे, ते तर शाळेतली पोरंही सांगतील.

न ऐकू येणारी अक्षरंही अशीच सापडतात. पावती पुस्तकावरच्या 'रिसीट'मधला पी? लग्नाच्या रिसेप्शनमध्ये आहे. 'डेट', म्हणजे कर्ज, त्यातला बी? खातेवहीतल्या डेबिटमध्ये. चौदाव्या शतकात हा शब्द बी-शिवायच लिहीत. पुढे लॅटिन येणाऱ्या पंडितांनी मूळ शब्दाची आठवण म्हणून बी आत घातला, उच्चारात तो कधी आलाच नाही. आणि छापखानेवाली म्हणून हेही सांगते की या गोंधळात आमच्या धंद्याचा हात आहे. 1476 साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू जागच्या जागी थिजलं आणि उच्चार पुढे बदलत गेले. 'नाइट', म्हणजे सरदार, यातला के तेव्हा लोक खरोखर उच्चारत होते. 'घोस्ट'मधला एच रूढ झाला तो कॅक्स्टनच्या पुस्तकांतून, आणि त्यामागे फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमकडच्या भाषेचं, वळण होतं.

तेव्हा पाया कच्चा वगैरे काही नाही. ज्याला अक्षर अन् अक्षर उच्चारायची सवय आहे, त्याला उलट एक हत्यार जास्त मिळालंय. बाराखडी शिकलेला माणूस 'वेड-नेस-डे' सहज म्हणतो. हे आमच्या दिरांना अजून पटत नाही. हल्ली ते म्हणतात, "आता मोबाईलच दुरुस्त करतो, कशाला डोकं फोडायचं?" भाऊजी, मोबाईल चूक दाखवतो ती बहुतेक वेळा शब्दच नसेल तेव्हा. शहरातल्या निम्म्या वह्या-पेनांच्या दुकानांवर 'स्टेशनरी' हा शब्द ए घालून लिहिलाय. त्याचा अर्थ 'एका जागी उभं असलेलं', आणि तो शब्द खरा असल्यामुळे लाल रेघ सहसा येत नाही. कागद-पेनाच्या स्टेशनरीत ई. ग्रोसरचं दुकान ग्रोसरी, तसं स्टेशनरचं दुकान स्टेशनरी, दोन्हीकडे ई-आर. हे मोबाईलने कधी सांगितलंय का त्यांना?

हे सगळीकडे लागू पडतं असं मात्र नाही. मेन्टेनच्या शेवटी ए-आय असलं तरी मेन्टेनन्समध्ये ते जातं, तिथे टी-ई-एन. प्रोनाउन्समधला दुसरा ओ प्रनन्सिएशनमध्ये गळतो. 'सीनंतर ई-आय' हा शाळेतला नियम रिसीव्ह, डिसीव्ह, सीलिंग यांना चालतो, पण सायन्समध्ये सीनंतरही आय-ई, आणि वीअर्ड, सीझ यांत सी नसतानाही ई-आय. 'डिसीट'मध्ये तर डिसेप्शन असूनही पी नाही. असे उलटे शब्द थोडे आहेत, तेवढे पाठच करा. 'अकर्ड', म्हणजे घडलं, यात दोन सी आहेतच, आणि आरही दोन, कारण जोर शेवटावर आहे. 'ऑफर्ड', म्हणजे देऊ केलं, यात जोर आधी, म्हणून आर एकच. आणि कलरमध्ये यू नसला तर ती अमेरिकन रीत आहे, चूक नाही. पण एका मेलमध्ये एकच रीत ठेवा.

बाजारातल्या पाचशे शब्दांच्या याद्या घेऊ नका. तुमचे स्वतःचे चुकणारे शब्द मोजके निघतील, ते पाठवलेल्या मेलमधूनच शोधा. एकेक शब्द हाताने कागदावर उतरवा, अक्षरांचा मराठीत उच्चार करत, आणि शेजारी त्याचा नातेवाईक लिहा. टाइप करून हे होत नाही, कारण बोटांना जुनी चूकच पाठ झालेली असते.