बंडू उठला, पण जेवेना

प्रश्न : आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. शेजारच्या आजोबांनी वृद्धाश्रमात जाताना त्यांचं हर्मन जातीचं कासव कागदपत्रांसकट आम्हाला दिलं. मुलांनी नाव ठेवलं बंडू. ही कासवं हिवाळाभर गारव्यात झोपतात, म्हणून नोव्हेंबरअखेर त्याला वेगळ्या छोट्या फ्रिजमध्ये निजवलं, १० मार्चला बाहेर काढलं. आज ९ दिवस झाले. काचेच्या खोलीत उन्हात ठेवलाय, तरी डोळे अर्धवट मिटून बसतो, काकडीला तोंड लावत नाही. निजताना १२४० ग्रॅम होता, आता ११३०. कोल्हापूरहून आलेल्या सासूबाई म्हणतात, दूध-पोळी कुस्करून द्या. देऊ का?

उत्तर : सासूबाईंना नमस्कार सांगा, पण दूध-पोळी नको. त्यांना हसूही नका. इथल्या इंग्रज आज्या वर्षानुवर्षं कासवांना दूध-पाव घालायच्या. कासवाला ते पचत नाही, एवढंच.

वजनाचं म्हणाल तर झोपेत महिन्याला साधारण एक टक्का घटतं. बंडूचं ९ टक्के घटलंय, हे जास्त आहे. फ्रिज ५ अंशांच्या आसपास होता ना? १० च्या वर गेला तर कासव झोपेतही अंगातला साठा जाळत राहतं. शून्याखाली गेला तर डोळे जायची भीती. डोळे मिटलेत म्हणून मुद्दाम विचारतेय.

पण आत्ताची चूक मला त्या काचेच्या खोलीत दिसते. मार्चमधलं इथलं ऊन आपल्या डोळ्यांना ऊन, कासवाच्या पोटाला नाही. शिवाय त्याला हवे असलेले अतिनील किरण काच अडवते. जागं होताना यकृतातली साखर रक्तात उतरते आणि त्या जोरावर ते चार पावलं चालतं. ती शिदोरी थोड्या दिवसांची. तेवढ्यात ऊब मिळाली नाही की गाडी तिथंच थांबते. तेव्हा आजच दिवा आणा, ऊब आणि अतिनील किरण दोन्ही देणारा. दिव्याखाली ३० अंशांच्या वर तापमान हवं, दिवसाचे १२ तास. दुसरा कोपरा गार ठेवा, म्हणजे त्याला हवं तिथं सरकता येईल.

आणि त्याला न्हाऊ घाला. तुमच्याकडे परात असेलच. तान्ह्या बाळाला लागतं तसं कोमट पाणी, हनुवटीला लागेल एवढंच, रोज २० मिनिटं. झोपेच्या महिन्यांत रक्तात साचलेली घाण पाण्यावाटे बाहेर पडेपर्यंत त्याला भूक लागत नाही. आधी तहान, मग भूक. पाण्यात पांढरा, चुन्यासारखा गाळ दिसला तर घाबरू नका, ती त्याची लघवी. तो गाळ दिसला की मला तरी हायसं वाटतं.

काकडी म्हणजे नुसतं पाणी. बागेतली डँडेलियनची पानं-फुलं द्या, शेजारी ज्यांना तण म्हणून उपटून टाकतात ती. कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं पोसते असं आपल्याकडे म्हणतात. मला अजून तशी भेटलेली नाही.

तरीही ९ दिवस फार झाले. दिवा आणायला जाताना वाटेतच कासवं बघणाऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या. तोंडात पिवळट, पनीरसारखा थर किंवा नाकातून फेस दिसला तर उद्यावर टाकू नका. आणि काहीही झालं तरी त्याला परत फ्रिजमध्ये ठेवू नका.

प्रश्न : आमच्याकडे ठाण्यात तारा कासव आहे, मत्स्यालयाच्या दुकानातून घेतलेलं. थंडीपासून मंदावलंय. त्यालाही फ्रिजमध्ये झोपवावं का?

उत्तर : अजिबात नको, मरेल. तारा कासव उष्ण प्रदेशातलं, ते असं हिवाळी झोपत नाही. मंदावलंय म्हणजे गारठलंय किंवा आजारी आहे. दुसरं, जरा कडू : भारतात ते घरी पाळणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, दुकानदारानं पावती दिली असली तरी. येऊरच्या जंगलात नेऊन सोडू नका, ते तिथलं नाही. वनविभागाला १९२६ वर फोन करा. ते येईपर्यंत खोक्यात, उबेत ठेवा.